तेच कलम, दुसरं पीठ

गुरुवार, ६ जुलै २०१७. दुपारनंतर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाच्या बार रूममध्ये एकच पीडीएफ या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत होती. भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध बहिरा, सुप्रीम कोर्टाचा त्याच दिवशीचा निकाल, तीन न्यायमूर्ती. जात पडताळणीची कामं करणारे आम्ही काही वकील चहा बाजूला सारून आधी शेवटची पानं वाचत होतो. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, माझं हलबा-कोष्टीचं मॅटर होतं.

विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक हा नागपुरातल्या विणकरांचा भाग. इथल्या कोष्ट्यांपैकी अनेक जण स्वतःला मूळचे हलबा म्हणवतात. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रासाठी ‘हलबा, हलबी’ अशी नोंद आहे, ‘हलबा-कोष्टी’ नाही. ऐंशीच्या दशकात हायकोर्टाने त्यांचा दावा उचलून धरला, त्या भरवशावर नोकऱ्या लागल्या. मग २८ नोव्हेंबर २००० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मिलिंद प्रकरणात सांगितलं की यादीत जे नाही ते कोर्टाने घालायचं नाही, तो अधिकार संसदेचा. मात्र जे प्रवेश आणि नेमणुका अंतिम झाल्या आहेत त्यांना या निकालाची झळ लागणार नाही, असंही शेवटी लिहिलं. पुढची सतरा वर्षं आम्ही सगळे त्या शेवटच्या ओळींवरच जगलो.

माझा पक्षकार एका सरकारी खात्यात लिपिक, १९९७ चा. फाइलमध्ये आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीजचा, म्हणजे प्रवेश-नोंदवहीचा, उतारा होता. जातीच्या रकान्यात ‘कोष्टी’, आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात, निराळ्या शाईने, ‘हलबा’. जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. तो शब्द कोणी लिहिला हे त्याला ठाऊक नव्हतं; उतारा त्याच्या वडिलांनी काढलेला आणि वडील वारलेले. दावा अवैध ठरला. जमातीचा मुद्दा आम्ही सोडून दिला आणि याचिकेत एवढंच मागितलं, नोकरी राहू द्या.

हे मागणं तेव्हा हवेतलं नव्हतं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी कविता सोळुंके प्रकरणात नोकरीला संरक्षण दिलं होतं. २०१४ च्या डिसेंबरात आपल्याच हायकोर्टाच्या पूर्णपीठाने अरुण सोनोने प्रकरणात तीच वाट रुंद केली. त्यानंतर ही मॅटर्स भराभर निघत. मी किंवा माझी मुलंबाळं यापुढे हलबा म्हणून कोणताही लाभ घेणार नाही, अशी हमी प्रतिज्ञापत्रावर द्यायची. दोन परिच्छेदांची ऑर्डर आणि माणूस वाचला. आदल्याच आठवड्यात त्याच खात्यातला, त्याच्याच टेबलाशेजारी बसणारा एक जण असा वाचला होता. त्याचा नंबर संध्याकाळी शेवटी पुकारला गेला. आमचा त्याच्याच खाली होता, पोचला नाही. कोर्ट उठलं, तारीख शुक्रवारची पडली.

शुक्रवारी सहायक सरकारी वकील प्रिंट घेऊनच उभे राहिले, पिवळ्या चिठ्ठ्या लावलेली. मी मिलिंदच्या शेवटच्या ओळी वाचल्या. ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पूर्ण वाचू दिल्या, मग शांतपणे विचारलं, “२००१ च्या कायद्याच्या कलम १० चं काय करायचं, मॅडम?” दावा खोटा ठरला की त्यावर मिळालेली नोकरीही जाते, असं ते कलम म्हणतं. न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या बहिरा निकालाचा गाभाही तोच: विधिमंडळाने परिणाम ठरवून दिल्यावर दयेपोटी त्याला बगल देता येणार नाही, अनुच्छेद १४२ चा विशेष अधिकार सुप्रीम कोर्टाचा, हायकोर्टाला तो नाही. सोळुंके आणि सोनोने, दोन्ही निकाल एका दमात मोडीत निघाले होते. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खंडपीठाचे हात बांधलेले होते. याचिका फेटाळली, स्टे तेवढा सहा आठवडे वाढवून मिळाला.

बाहेरच्या व्हरांड्यात त्याने मला गाठलं. आवाज चढलेला नव्हता. “मॅडम, कायदा तं तोच हाय ना जी? मंग मागच्या हप्त्यात त्याले भेटलं, अन् मले काऊन नाही?”

मी पीठ, मोठं पीठ, बंधनकारक निकाल असं काहीबाही समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे उद्या पाच जण बसले, तं पुन्हा पलटन?”

शक्य आहे, म्हणाले. खोटं कसं सांगू? आमचे एक ज्येष्ठ वकील बार रूममध्ये हाच विषय निघाला की न्या. मुधोळकरांचं नाव काढतात. तेव्हाच्या नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती, पुढे मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलेले. १९६४ च्या सज्जनसिंह प्रकरणात मूलभूत हक्क घटनादुरुस्तीने काढून घेता येतात का, अशी शंका घेणारे पाचांत दोघेच, मुधोळकर आणि हिदायतुल्ला. दोघंही नागपूरचे, हे ते दर वेळी दोनदा सांगतात. १९६७ ला गोलकनाथमध्ये अकरा जण बसले आणि सहा विरुद्ध पाच असा तोल फिरला, तोवर मुधोळकर निवृत्त झालेले. १९७३ ला केशवानंदमध्ये तेरा जण, सात विरुद्ध सहा. एक खुर्ची इकडची तिकडे झाली असती तर? हा प्रश्न वकिलांना रंगवून सांगायला आवडतो. बडतर्फीच्या दारात उभ्या असलेल्या लिपिकाला त्यात काय रस असणार!

पण “पीठ बदललं म्हणून आमचा घात झाला” एवढ्यावर मी थांबू शकत नाही, कारण त्याच संध्याकाळी गडचिरोलीच्या एका गोंड वकील मित्राने मला टोकलं. “तुझ्या पक्षकाराची वीस वर्षं तुला दिसतात. १९९७ ला ती जागा ज्या आदिवासी पोराची होती, त्याची याचिका कोणत्या बोर्डावर होती?” २०१२ च्या दोघांनी समोर उभा असलेला माणूस पाहिला, २०१७ च्या तिघांनी कोर्टात कधीच न आलेला. माझी फी पहिल्याकडून येते. तरी निकाल पुन्हा वाचला तेव्हा कायद्याच्या अंगाने मला दुसरं वाचन जास्त पक्कं वाटलं. खटकली ती मधली पाच वर्षं. त्या पाच वर्षांत ज्याचा नंबर लागला तो निवृत्तीपर्यंत निर्धास्त. ज्याचा खाली राहिला तो रस्त्यावर. दोघांच्याही उताऱ्यावर कोष्टीच लिहिलेलं होतं.

रस्त्यावर मात्र तो आला नाही. २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदांवर घेतलं, अकरा महिन्यांच्या बोलीवर. शेजारच्या टेबलावरचा कायम, हा अकरा महिन्यांचा. याच्या मुलीने स्पर्धा परीक्षेचा फॉर्म विशेष मागास प्रवर्गातून भरला. कोष्टी त्या यादीत आहेत.

मध्यंतरी तो पेन्शनचे कागद घेऊन आला. फाइल अजून उघडलीही नव्हती, तोच म्हणाला, “मॅडम, सर्व्हिस मॅटरचं रोस्टर, म्हणजे ते ऐकणारे जज, पुढच्या सोमवारपासून बदलते म्हणे. आत्ताच टाकू, का थांबू?”