घड्याळ तुमचं की आमचं?

मेट्रोच्या दूरसंचार कंत्राटात मास्टर क्लॉकच्या, म्हणजे सगळ्या यंत्रणांना एकच वेळ पुरवणाऱ्या मुख्य घड्याळाच्या, वाट्याला जेमतेम दोन-चार पानं येतात. रेडिओ, सीसीटीव्ही, उद्घोषणा यांच्यावर तासन्‌तास खल होतो. घड्याळाचा विषय निघाला की बैठकीतले निम्मे लोक मोबाइल काढतात. माझी बरीच वर्षं याच यंत्रणांच्या चाचण्यांत गेली आणि मला मात्र या खोक्याचं भारी कौतुक आहे.

रचना साधी आहे. जमिनीखालच्या स्टेशनात वेळ सांगणारा उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, म्हणून जीपीएसचा अँटेना नियंत्रण कक्षाच्या किंवा डेपोच्या छतावर बसवतात. तिथून वेळ ऑप्टिकल फायबरवरून स्टेशनास्टेशनात जाते. फलाटावरची घड्याळं, कॅमेरे, रेडिओ संभाषणांचं रेकॉर्डिंग, तिकीट गेट, सगळे तिच्याशी वेळ जुळवतात. फायबर तुटलीच, तर स्टेशनातलं घड्याळ स्वतःच्या क्रिस्टलवर (ठरावीक गतीने कंप पावणाऱ्या स्फटिकावर) चालत राहतं. क्रिस्टल दहा लाखांत २० भागांनी जरी चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद इकडेतिकडे होतात.

पावणेदोन सेकंदांनी गेटचं काही बिघडत नाही. मिनिटांनी बिघडतं. कार्ड टेकवल्यावर गेट दरवेळी सर्व्हरला विचारत बसत नाही, तेवढी सवडच नसते. जपानमध्ये २००१ साली आलेल्या सुइका कार्डाचा व्यवहार ०.२ सेकंदात उरकायचा असतो! म्हणून आत शिरताना गेट कार्डावरच स्टेशन आणि वेळ लिहून ठेवतं. बाहेरचं गेट ते वाचतं, भाडं कापतं, आणि प्रवासी ठरल्यापेक्षा जास्त वेळ आत रेंगाळला असेल तर जादा आकारणीही करतं.

चाचणीत आम्ही एका गेटची वेळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ढकलतो. तिथून आत जायचं, पुढच्याच स्टेशनावर उतरायचं आणि कार्ड टेकवायचं. लाल फुली. नोंद उघडली की दिसतं: प्रवेश १४:३२:१०, निर्गम १४:२९:५५. म्हणजे हा गृहस्थ आत येण्याआधीच बाहेर पडला! गेट बिचारं नियमाने वागतंय.

एकच वेळ सगळ्यांना मिळाली म्हणजे संपलं असंही नाही. नेटवर्कवरून येणारी वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, स्थानिक वेळ ज्याची त्याने करून घ्यायची. तिकीट यंत्रणेचा हिशोबाचा दिवस बहुधा मध्यरात्रीला नव्हे, शेवटची गाडी गेल्यावर बदलतो. शिवाय जीपीएसचा आठवडे मोजणारा जुना आकडा १० बिटांचा, म्हणजे १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येणारा. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री तो आला. सॉफ्टवेअर अद्ययावत नसलेला रिसीव्हर अशा वेळी थेट ऑगस्ट १९९९ मध्ये जाऊ शकतो. १९९९ मध्ये बाहेर पडणाऱ्या प्रवाशाचं भाडं किती, हे कुठल्याच दरपत्रकात नसतं.

एका प्रकल्पात "घड्याळ तुमचं की आमचं" यावर दूरसंचारवाले आणि तिकीटवाले बैठकांमागून बैठका भांडत होते. दोघांचे सर्व्हर एकाच खोलीत, समोरासमोरच्या रॅकमध्ये!

या कंटाळवाण्या कामाचं मोल सिंगापूरच्या सर्कल लाइनवर दिसलं. २०१६ मध्ये तिथल्या चालकरहित गाड्या मध्येच सिग्नलचा संपर्क तुटून आपत्कालीन ब्रेक लावत होत्या. ना ठरावीक जागा, ना ठरावीक गाडी. सरकारी माहिती विश्लेषकांनी प्रत्येक घटनेची वेळ आणि जागा आलेखावर मांडली, तेव्हा ठिपके तिरप्या रेघांत बसू लागले. एखादी गाडी समोरून जावी आणि वाटेत भेटेल तिला थांबवत जावी, अशा त्या रेघा. नोंदींच्या वेळा एकमेकींना धरून नसत्या, तर हे दिसलंच नसतं. मग स्टेशनांवरच्या व्हिडिओत त्या त्या वेळी तिथून कुठली गाडी गेली ते तपासलं आणि पीव्ही४६ सापडली. तिच्याच सिग्नल उपकरणात बिघाड होता, आणि घटनांच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण ती स्वतः बिनबोभाट धावत होती.