चिपळूण, पूर ओसरल्यावर

आज शिबिरात तापापेक्षा डोकेदुखीचेच पेशंट जास्त. २२ जुलैला वाशिष्ठी नदी घरात शिरली, तेव्हापासून कुणाला धड झोप नाही. दिवसभर चिखल उपसायचा, पाणी प्यायचं भान नाही, वर ब्लीचिंग पावडरचा उग्र वास. एका काकूंच्या बीपीच्या गोळ्याच वाहून गेल्यात. "डॉक्टर, डोकं राहू दे हो, कपाटाचं दार फुगलंय ते उघडून द्या आधी!" एक आजोबा पंचनाम्याचा कागद नाकाला लावून वाचत होते, चष्मा पुरात गेला, डोकं दुखणार नाही तर काय! आणि उपाशीपोटी पेनकिलर घेणारे तर बघाल तिथे. वैताग येतो. डोकेदुखीसोबत ताप असेल, पोटऱ्या दुखत असतील, तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा आजार) शंका घ्या, अंगावर काढू नका. उद्या ओआरएस जास्त न्यायला हवं.