आझुचीच्या पायऱ्यांमधले देव

जपानला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी किल्ला म्हणून ओसाका पाहतात. बाहेरून तो देखणा आहे यात शंका नाही, पण आजची इमारत १९३१ सालची, काँक्रीटची. आत लिफ्ट आणि संग्रहालय. ज्याला खरोखर गड पाहायचे आहेत त्याने क्योतोहून पूर्वेला, बिवा सरोवराच्या काठाने जावं. हा जुना ओमी प्रांत, आजचं शिगा. पूर्वेकडून क्योतोला येणाऱ्या मोठ्या वाटा इथूनच जातात, म्हणून सोळाव्या शतकात ज्याला जपानवर राज्य करायचं होतं त्याला आधी हे सरोवर ताब्यात घ्यावं लागलं. इथे एक गड पडला की त्याचा दगड आणि त्याचं लाकूड पुढच्या गडाला लागायचं. गडांचं हे एकमेकांत मिसळणं पाहायलाच मी गेले होते. पण लिहायला बसले ते आझुचीमुळे.

सोबत आई होती. क्योतोचे दिवस सगळ्यांचे जातात तसे देवळांत आणि गर्दीत गेले. तिथून गाडीने आझुचीला उतरलो. स्टेशन लहानसं, पुढ्यात ओदा नोबुनागाचा, म्हणजे सोळाव्या शतकात जपान एका सत्तेखाली आणायला निघालेल्या सरदाराचा, पुतळा, आणि मग गडापर्यंत भातशेतीतून अर्ध्या तासाची सपाट वाट. ही शेती नंतरची आहे. नोबुनागाच्या काळी सरोवराचं पाणी टेकडीच्या पायथ्याला भिडलेलं होतं.

नोबुनागाने १५७६ मध्ये हा गड बांधायला घेतला आणि १५७९ मध्ये तो वरच्या वाड्यात राहायला गेला. तोवर जपानातले गड म्हणजे मुख्यतः माती, लाकडी कुंपण आणि डोंगराचा उतार. त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी तट उभारले आणि वर उंच मनोरा, तेन्शु, चढवला. त्यातला एक मजला अष्टकोनी आणि सर्वांत वरचा सोनेरी होता. फ्रोइश नावाच्या पोर्तुगीज जेझुइट पाद्र्याने तो डोळ्यांनी पाहिला आणि भारावून लिहून ठेवला. १५८२ मध्ये क्योतोत आकेची मित्सुहिदे या सरदाराने बंड केलं, नोबुनागा मेला आणि काही दिवसांतच हा गडही जळाला. आग कोणी लावली यावर अजून एकमत नाही. वापरात तो जेमतेम तीन वर्षं होता, आणि पुढच्या सगळ्या जपानी किल्ल्यांनी कित्ता मात्र त्याचाच गिरवला.

ओतेमिची म्हणजे गडाची मुख्य वाट. ती पाहताच मी चमकले. गडाची वाट नागमोडी असते, शत्रूला दमवते, वळणावर गाठते. ही सुमारे सहा मीटर रुंद आणि पायथ्यापासून जवळपास १८० मीटर सरळसोट वर जाणारी. दोन्ही बाजूंना जोती आहेत, त्यांतलं एक नोबुनागाच्या पदरी असलेल्या आणि पुढे त्याच्या जागी आलेल्या हिदेयोशीच्या वाड्याचं मानतात. १९८९ पासून वीस वर्षं प्रांताच्या पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं, तेव्हा ही वाट पूर्ण मोकळी झाली. पायऱ्या ओबडधोबड, काही गुडघाभर उंच. प्रवेशाशी काठ्या ठेवलेल्या असतात. आईने एक घेतली आणि माझ्या हातातही दिली.

थोडं चढून गेल्यावर ती थांबली. मला वाटलं दमली. ती खाली बघत होती.

"अगं, पाय नको देऊस. देव आहे तो."

पायरीच्या दगडात एक छोटी मूर्ती होती. झिजलेली, नाकडोळे गेलेले, पण डोकं, खांदे आणि जोडलेले हात स्पष्ट. शेजारी छोटी पाटी. आणखी थोडं वर दुसरी, मग तिसरी. फोनवर मोठ्या फलकाचा अर्थ लावून पाहिला. गड बांधताना दगड कमी पडला म्हणून आसपासच्या डोंगरांतून गोळा केलेल्या दगडांबरोबर या बुद्धमूर्तीही आल्या आणि बांधकामात गेल्या. गड कसा उभा राहिला हे कळावं म्हणून त्या सापडल्या तशाच ठेवल्या आहेत, असं त्यात लिहिलेलं.

आईने वाकून त्या दगडाला हात लावला आणि कपाळाला टेकवला. आपला पाय चुकून कुणाला लागला की करतो तसं. खरं तर तिचा पाय लागलेलाही नव्हता. मूर्तीपाशी लोकांनी नाणी ठेवली होती. तिने माझ्याकडून दहा येनचं नाणं मागून घेतलं आणि त्यांत ठेवलं. मागून एक तरुण घोळका बोलत बोलत आला आणि त्यातले दोघं तिघं सरळ मूर्तीवर पाय देऊन वर गेले. त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं. तरी मला राग आला आणि तो बराच वेळ गेला नाही.

आईचं माहेर फोंड्याकडचं, कुलदैवत मंगेश. मंगेशी मूळची कुशस्थळीची, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीची. पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा १५६० च्या सुमारास लोकांनी देव उचलून नदीपलीकडे प्रियोळला नेला. तिने ही गोष्ट तिच्या आजीकडून ऐकलेली आहे आणि ती ती कालच घडल्यासारखी सांगते. त्या पायरीवर उभं राहून ती म्हणाली, "आपल्याकडे लोकांनी जिवावर उदार होऊन देव पळवून नेले. आणि साधारण त्याच काळात इथे राजानेच ते पायाखाली घातले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर वाचून काढलं. देवाधर्माचे दगड गडाला लावणारा नोबुनागा एकटा नव्हता. नाराजवळच्या यामातो कोरियामाच्या तटात जिझो या बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी, डोकं खाली करून बसवलेली आहे. हिमेजीच्या तटात प्राचीन थडग्यांच्या दगडी पेट्या आहेत. नोबुनागाचा घात करणाऱ्या मित्सुहिदेच्या फुकुचियामा गडाची जोती तर थडग्यांच्या आणि स्मारकांच्या दगडांनी भरलेली आहे. घाई होती, दगड हवा होता, आणि तो माणसांनी आयता घडवून ठेवलेला होता. इतिहासकार म्हणतात की यात धर्मद्वेष शोधू नये, आणि तटांपुरतं मला ते पटतं. पण तटाच्या पोटात गेलेला दगड निराळा आणि मुख्य वाटेवर तोंड वर करून बसवलेली मूर्ती निराळी. तिच्यावरून सरदार चढले, पाहुणे चढले, फ्रोइशसारखे पाद्रीही चढले असतील. ज्याने १५७१ मध्ये हिएई डोंगरावरचं एनर्याकुजी भिक्षूंसकट जाळलं त्याच्या वाटेवर मला हे नुसतं काटकसरीचं वाटत नाही. हे माझं मत आहे आणि त्या पायऱ्या चढल्यावर ते अधिकच घट्ट झालं.

वर गेल्यावर आणखी एक दगड दिसतो. त्यावर बुद्धाची पावलं कोरलेली आहेत. पादुकाच म्हणा. तोही तटात साधा दगड म्हणून वापरलेला सापडला. आई त्याच्यापुढे बराच वेळ हात जोडून उभी राहिली. त्याच्याजवळच नोबुनागाची समाधी आहे, हिदेयोशीने बांधवलेली. तिकडे ती वळली नाही.

माथ्यावर तेन्शुचं जोतं आहे. झाडीतल्या खळग्यात पायाच्या दगडांच्या ओळीच ओळी, बरोबर मधला दगड तेवढा नाही. १९४० च्या उत्खननापर्यंत हे सगळं राडारोड्याखाली गाडलेलं होतं. इथे काय उभं होतं ते आज कुणालाच नक्की सांगता येत नाही, आणि या कोड्याचं एक टोक गोव्यात आहे. नोबुनागाने गडाचं चित्र पडद्यांवर काढवून घेतलं होतं. ते त्याने १५८१ मध्ये वालिन्यानो या वरिष्ठ जेझुइट पाद्र्याला भेट दिलं. पुढच्या वर्षी चार जपानी मुलगे पोपच्या भेटीला निघाले, त्यांच्याबरोबर ते पडदेही निघाले. मकाव, मलाक्का, कोची करत १५८३ च्या अखेरीस ते गोव्याला पोचले. वालिन्यानो तिथेच राहिला, मुलगे पुढे गेले आणि १५८५ मध्ये रोममध्ये पडदे पोपच्या हाती पडले. त्यानंतर ते हरवले. खूप शोध झाला, आजवर सापडले नाहीत. गड जळून गेल्यावर काही काळ त्याचं चित्र मांडवीच्या काठी होतं, हे मी आईला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "तिथे तरी नीट ठेवलं असेल कुणी?"

उतरताना सोकेनजीच्या बाजूने आलो. हे देऊळ नोबुनागानेच वसवलं. डोंगर आजही देवळाच्या मालकीचा आहे आणि प्रवेशाचे पैसे, आम्ही गेलो तेव्हा माणशी ७०० येन, देवळालाच जातात. फ्रोइश लिहितो की नोबुनागाने इथे स्वतःच्या नावाने एक दगड ठेवून लोकांना त्याला भजायला लावलं. सोकेनजीचं मुख्य देऊळ १८५४ मध्ये जळालं. तीन मजली पॅगोडा मात्र उभा आहे, तोही दुसऱ्या देवळातून उचलून आणलेला, मूळचा १४५४ चा. तिथून खाली निशिनोको तळं दिसतं. आझुचीत सगळ्यांत सुंदर जागा हीच, आणि तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईचे गुडघे बोलू लागले. ती नागाहामाच्या हॉटेलात राहिली आणि मी एकटी ओदानीला गेले. (नागाहामाचा किल्ला १९८३ ची काँक्रीटची नवी इमारत आहे. वरून सरोवर छान दिसतं, बाकी सोडून दिला तरी चालेल.)

ओदानी हा डोंगरी गड, उंची ४९५ मीटर. वाटेत अस्वलांपासून सावध राहण्याच्या पाट्या आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत. तासाभराच्या चढणीत मला एकच म्हातारा गृहस्थ भेटला, त्याच्या पाठपिशवीला घंटी बांधलेली होती. वर इमारत एकही नाही. माचीमागून माची, मधे खोल तोडलेले खंदक, ढासळलेले तट, आणि झाडी विरळ होते तिथे सरोवर आणि त्यातलं चिकुबु बेट.

इथला आझाई नागामासा नोबुनागाचा मेहुणा. नोबुनागाची बहीण ओइची त्याला दिलेली. १५७० मध्ये नागामासा नोबुनागाविरुद्ध जुन्या मित्राच्या, आसाकुरा घराण्याच्या बाजूने उभा राहिला आणि तीन वर्षांनी हा गड पडला. हिदेयोशी मधल्या क्योगोकुमारू माचीत घुसला, त्यामुळे वरच्या माचीवरचा बाप आणि खालच्या माचीवरचा नागामासा एकमेकांपासून तुटले. ती जागा पाहिली की डाव कळतो. काही पावलांचं अंतर, पण मधे शत्रू. दोघांनीही जीव दिला. त्यांच्या कवट्या रोगण आणि सोन्याने मढवून नोबुनागाने पुढच्या नववर्षाच्या मेजवानीत मांडल्या, असं त्याच्याच चरित्रात नोंदवलेलं आहे. पायऱ्यांवरच्या मूर्ती ज्यांना निव्वळ दगडाची टंचाई वाटतात त्यांनी हेही लक्षात ठेवावं.

नागामासाने जिथे प्राण दिला त्या जागी, मुख्य माचीच्या बाजूला खाली, एक साधा स्मृतिदगड आहे. तिथली वाट अरुंद आणि ओली होती. मी तिथे पाणी प्यायले, थोडा वेळ बसले. ओइची आणि तिच्या तीन मुली गडाबाहेर सुखरूप पोचल्या, नागामासाचा मुलगा मात्र नंतर शोधून मारला. तिघींत थोरली चाचा पुढे हिदेयोशीची झाली आणि १६१५ मध्ये ओसाकाच्या गडात मेली. धाकटी गो तोकुगावा घराण्यातल्या शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाची बायको झाली. मधली हात्सु ओत्सुच्या क्योगोकू ताकात्सुगुला दिली.

ही मधली हात्सु मला हिकोनेला पुन्हा भेटली. हिकोनेचा तेन्शु अस्सल आहे. १६०७ च्या सुमाराला पुरा झालेला, १९५२ पासून राष्ट्रीय ठेवा. मेजी काळात किल्ले पाडायची लाट आली त्यातून तो १८७८ मध्ये सम्राटाच्या शब्दामुळे वाचला. तीनच मजली, पण कमानदार छपरं एकात एक अशी गुंफलेली की फिरताना प्रत्येक कोनातून नवाच वाटतो. आतल्या भिंतींत जंग्या आहेत, त्या बाहेरून गिलावा करून बुजवलेल्या. बाहेरच्याला पांढरी भिंत दिसते. वेळ आली की आतून गिलावा फोडायचा आणि गोळी झाडायची. जिने माळ्यावर चढायच्या शिडीसारखे उभे, ६२ अंशांपर्यंत, आणि शेकडो वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. आई खालीच बसली.

या तेन्शुचं लाकूड ओत्सुच्या गडातून आणलेलं आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस दुरुस्तीसाठी तो उतरवला तेव्हा तुळयांवर जुन्या जोडणीच्या खुणा सापडल्या. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईच्या वेळी ओत्सुला वेढा पडला होता, तोफा डागल्या जात होत्या, आणि आत ताकात्सुगुबरोबर हात्सु होती. लहानपणी ओदानी पडताना पाहिलेली, दहा वर्षांनी कितानोशोच्या गडात आई आणि सावत्र बाप गमावलेली. हा तिचा तिसरा वेढा. १६१४ मध्ये ओसाकाला वेढा पडला तेव्हा दोन बहिणींच्या घराण्यांमध्ये तह करायला मध्ये पडली तीही हीच.

मला त्या तुळयांखाली शांतपणे उभं राहायचं होतं. ते जमलं नाही. सुट्टीचा दिवस, जिन्यावर रांग, मागून येणाऱ्यांचा रेटा, आणि वरच्या मजल्यावर फोटोसाठी खिडक्या अडवलेल्या. इतकी वाकडी, मोठाली, न तासलेली लाकडं डोक्यावर असताना लोक वर बघतच नव्हते. कुणी जाणार असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दार उघडतानाच आत शिरावं आणि थेट वरच्या मजल्यावर जावं, तिथे छपराखाली तुळया सगळ्यांत मोकळ्या दिसतात. आणि ओदानी आधी करावा, हिकोने नंतर. आईला मी हे सगळं खाली बाकावर बसून सांगितलं. तिने एकच विचारलं, "म्हणजे ती पोरगी शेवटी म्हातारी होऊन मेली ना?" हो, १६३३ मध्ये, तिघी बहिणींत सगळ्यांत शेवटी.