डावीकडे ओढणारी गाडी

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला (वय १०, पाचवी) रोबोट गाडी करायची होती. मी बँकेत काम करते, शिक्षण कॉमर्सचं, वायर म्हटलं की मला इस्त्रीची वायर आठवते. तरी हो म्हटलं, कारण एका क्लासची फी ऐकून आले होते आणि त्या पैशात आमचा महिन्याचा किराणा येतो. म्हटलं घरीच बघू, फार तर काय, बिघडेल.

सामान तपकीर गल्लीतून आणलं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं असेल तर बुधवार पेठेत या गल्लीत घुसायचं, बाकी पत्ता शोधत बसायचं नाही. आर्डुइनो उनो, म्हंजे प्रोग्रॅम टाकायचा छोटा बोर्ड (ओरिजिनल नाही, आपला साधा क्लोन), बोर्डच्या सांगण्यावरून मोटर फिरवणारा एल२९८एन मोटर ड्रायव्हर, दोन पिवळ्या बीओ मोटर, चाकं, पुढे एक गरगर फिरणारं छोटं चाक (कॅस्टर), आणि दोन डोळ्यांसारखा दिसणारा, समोरचं अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर. दुकानदार काकांनी विचारलं बॅटरी कुठली देऊ, मी म्हटलं ती चौकोनी नऊ व्होल्टची द्या की. काका एकदा माझ्याकडे बघून हसले आणि दिली. ते का हसले ते मला दोन दिवसांनी कळलं.

लॅपटॉपला बोर्ड दिसेना, मग सीएच३४० चा ड्रायव्हर (बोर्डवरच्या यूएसबी चिपसाठीचं सॉफ्टवेअर) टाकला तेव्हा दिसला, यात एक अख्खी संध्याकाळ गेली, त्यावर जास्त बोलत नाही. मोटरला वायर मात्र कोपऱ्यावरच्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडून सोल्डर करून आणल्या, कारण त्या मोटरच्या मागच्या पितळी पट्ट्या इतक्या नाजूक असतात की आम्ही वायर पिळून लावायच्या नादात एक तोडलीच होती.

पहिल्यांदा प्रोग्रॅम टाकला, गाडी खाली ठेवली, आणि काहीच नाही. म्हंजे चाक जरासं हललं, बोर्डचा लाइट गेला, परत आला, परत हललं, परत गेला. लेक म्हणाली, "आई, हिला उचकी लागलीय." मला वाटलं कोड चुकला, कोड तीनदा टाकला. शेवटी कळलं की ती चौकोनी बॅटरी मल्टीमीटर वगैरे चालवायला ठीक आहे, दोन मोटर ओढायचा करंट तिच्यात नाहीच, मोटर सुरू झाली की व्होल्टेज धाडकन पडतं आणि बोर्ड बंद होऊन परत पहिल्यापासून सुरू होतो. मग १८६५० नावाचे दोन चार्जिंगचे सेल आणि होल्डर आणला. दोन्ही मिळून साडेसात व्होल्टच्या आसपास, त्यातलं दोनेक व्होल्ट तो एल२९८एन स्वतःच खातो, उरलेलं मोटरला, आणि या मोटर ३ ते ६ व्होल्टच्याच असतात त्यामुळे हिशोब बरोबर बसला. (हिशोब म्हटला की माझा जीव भांड्यात पडतो.) सेल घालायचं काम मात्र मीच करते, शॉर्ट झाले तर ते भयंकर तापतात.

आता गाडी पळाली. पण एक चाक पुढे, एक मागे, त्यामुळे भोवऱ्यासारखी जागच्या जागी गरागरा. मी लगेच वायर उलट करायला हात घातला तर ही ओरडली, "थांब ना! वळायचं असंच असणार!" खरंच की. स्टिअरिंग नाहीच आहे या गाडीला, वळायचं म्हंजे दोन चाकं उलटसुलट फिरवायची. तिने तो कोड वहीत 'गोल गोल' नावाने उतरवून ठेवला आणि मगच मला वायर बदलू दिली.

आणि मग आमचं खरं दुखणं सुरू झालं. गाडी सरळ जाईना. आमच्या हॉलमध्ये दोन बाय दोन फुटांच्या फरशा आहेत, तर फरशीच्या रेघेवर गाडी सोडली की पाच फरशा जाईपर्यंत दीड फरशी डावीकडे. मला वाटायचं दोन्ही मोटर एकाच डब्यातून काढल्या, एकाच पैशाच्या, मग सारख्याच असणार. नसतात. एक जरा चपळ, एक जरा सुस्त, आणि हे सगळ्यांच्याच गाडीत होतं म्हणे. इलाज म्हंजे चपळ मोटरचा स्पीड कमी करायचा, ० ते २५५ मधला आकडा असतो तो. आम्ही उजवीचा २०० केला, १५० केला, १०० केला, गाडी तशीच सुसाट आणि तशीच डावीकडे. अर्धा दिवस गेला बरं का यात. मोटर ड्रायव्हरवर ईएनए आणि ईएनबी अशा पिनांवर दोन चिमुकल्या काळ्या टोप्या असतात, त्या काढून तिथे आर्डुइनोची वायर लावल्याशिवाय स्पीडचा आकडा मोटरपर्यंत पोचतच नाही, मोटर कायम फुल स्पीडला. लेकीने नखाने टोप्या उपटल्या, त्यातली एक उडाली ती सासूबाईंना दुसऱ्या दिवशी केरात सापडली.

मग वही. डावी १६०, उजवी १५०, 'अजून डावीकडे'. उजवी १४०, 'आता उजवीकडे'. शेवटी १४६ ला गाडी रेघ धरून टीव्हीच्या टेबलापर्यंत गेली. मी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी सेल उतरले आणि गाडी परत वाकडी. लेक शांतपणे वही घेऊन बसली, मला तेवढा पेशन्स नाहीये हे इथेच कबूल करते.

सेन्सरचं काम मला आवडलं. एक डोळा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, जो आपल्याला ऐकू येत नाही, दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो, मध्ये किती मायक्रोसेकंद गेले ते मोजायचे, ०.०३४ ने गुणायचं आणि दोनने भागायचं, की अंतर सेंटिमीटरमध्ये. "दोनने का?" मी म्हटलं शाळेत जाऊन येऊन २ किलोमीटर झाले तर शाळा किती लांब? "एक. हां, जाऊन-येऊन!" २० सेंटिमीटरच्या आत काही आलं की थांब, असं लिहिलं, तरी गाडी चपलांच्या रॅकवर आदळली. मीच कुठूनतरी उचललेला 'delay १०००', म्हंजे हजार मिलिसेकंद थांबायचा हुकूम, कोडच्या मध्येच टाकला होता, म्हंजे एक सेकंद गाडी बघतच नाही, नुसती चालत राहते. लेकीच्या भाषेत, डोळे मिटून चालते. तो ५० केला.

इतकं झाल्यावर गाडी खाली पार्किंगमध्ये किल्ल्यापाशी न्यायची ठरली. पेव्हर ब्लॉकच्या फटीत कॅस्टर अडकायला लागलं म्हणून जुना प्लाय टाकला. सगळी पोरं जमली. गाडी निघाली सरळ किल्ल्याकडे आणि थांबलीच नाही, बुरूज पाडून आत. नंतर लॅपटॉपवर आकडे बघितले, किल्ला वीतभर अंतरावर असताना सेन्सर सहाशे सेंटिमीटरच्या वर सांगत होता! उताराच्या पोत्यावर माती लिंपलेली आणि वर अळीव उगवलेलं, आवाज एकतर त्यात मुरतो नाहीतर उतारावरून वर निघून जातो, परत येतच नाही. घरी सासूबाईंच्या वाळत घातलेल्या साडीतही गाडी अशीच घुसली होती, तेव्हा आम्ही नुसतं हसलो होतो.

एक मुलगा म्हणाला सेन्सर फालतू आहे. लेक म्हणाली, "नाही, किल्ल्याला तट नाहीये." मग पुठ्ठ्याचा उभा तट झाला, त्यावर चुन्याने दगड काढले, आणि गाडी तटासमोर थांबली. दरवेळी. तिच्यावर सेलोटेपने एक मावळा बसवला.

"पण आता हा आत कसा जाणार?" मघाचाच मुलगा.

"दरवाजा उघडायला सर्वो मोटर लागेल, ती सांगू तेवढीच वळते. आई, तपकीर गल्ली उद्या उघडी असेल?"

"उद्या पाडवा आहे गं, कोण दुकान उघडून बसणार."

"मग परवा?"

"परवा भाऊबीज."

तिने वहीत लिहिलं, 'सर्वो १', आणि पुढे तारीख टाकली.