चुनखड

मे महिन्यात चारशे कुंड्यांची भट्टी उघडली तेव्हा मी हरखून गेले होते. कराडच्या एका नर्सरीची ऑर्डर होती. रंग तांबडालाल, टिचकी मारली की खणखणीत आवाज, तुटफूट जेमतेम दहा-बारा. शेडमध्ये थर लावून ठेवल्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला आणि हवा ओली झाली.

सकाळी शेडमध्ये पाऊल टाकलं तर फरशीभर लाल खपल्या. एक कुंडी उचलली. पोटाला रुपयाएवढा खड्डा, मधोमध पांढरा ठिपका. तेवढ्यात शेजारच्या कुंडीवरची खपली माझ्यादेखत 'टक्' करून उडाली.

सासऱ्यांना हाक मारली. तात्यांचा जन्म चाकावर गेलेला. त्यांनी ठिपक्यावर नख फिरवलं, बोटाला पांढरी पूड आली.

"चुनखड हाय पोरी. माती कुठली आणलीस?"

माझ्या पोटात खड्डा पडला. एरवी आम्ही कृष्णाकाठचा पोयटा वापरतो. त्या खेपेला मिरजेच्या पूर्वेकडची, विहीर खुदाईची माती स्वस्तात मिळाली. पुरवणाऱ्यानं पोयटाच म्हणून सांगितलं आणि घाईत मी ती न चाळताच पगमिलमध्ये, म्हणजे माती मळायच्या यंत्रात, टाकली. चूक माझीच.

आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच. भट्टी आम्ही ९५० अंशांपर्यंत नेतो. साधारण ८५० च्या पुढे या खड्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. तो हवेतला दमटपणा ओढतो, विरतो, फुगतो. भाजलेली माती ताणली जात नाही, मग वरची खपली उडते. ज्वारीच्या दाण्याएवढा खडाही पुरतो. तोच खडा पिठासारखा बारीक असता तर काही बिघडलं नसतं. चाळणीला कंटाळू नये, हे तात्या वर्षानुवर्षं का सांगत होते ते त्या सकाळी मला समजलं.

"समद्या पाण्यात घाल," तात्या म्हणाले. मी दचकले, पण त्यांचं बरोबर होतं. चुना हळूहळू ओल ओढतो तेव्हा फुगून ढकलतो. भरपूर पाणी एकदम मिळालं की मऊ होऊन मातीच्या छिद्रांत पसरतो. शाबूत कुंड्या आम्ही हौदात बुडवल्या, रात्रभर ठेवल्या. तरी काही फुटल्याच. उरलेल्या पंधरा दिवस नजरेखाली ठेवल्या, पण नर्सरीला त्यातली एकही दिली नाही. त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि पोयट्याच्या नव्या करून दिल्या. तो महिना पैशाच्या बाबतीत फार जड गेला.

आता ट्रॉली आली की उतरवण्याआधी मूठभर माती वाटीत घेऊन वर लिंबू पिळते. फसफसली, की ट्रॉली माघारी.

त्यातली एक कुंडी मात्र मी मुद्दाम पाण्यात घातली नव्हती. भट्टीशेजारी ठेवली होती. आषाढात उचलायला गेले, तर तिचा काठच सुटून हातात आला.