‘राष्ट्रीयत्व : भारतीय’ – ब्रिटनच्या सरकारी नोकरीपर्यंतचा माझा अनुभव

एमपीएससीचे अर्ज भरायचे तेव्हा ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यापाशी मी कधी थांबले नाही. नाव दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे आहे ना, नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपली नाही ना, हे चारचारदा बघायचं. राष्ट्रीयत्वापुढे ‘भारतीय’ लिहायचं आणि पुढे सरकायचं. यूपीएससीच्या जाहिरातीत तर यावर चांगला लांबलचक परिच्छेद असतो. आयएएस-आयपीएससाठी भारताचा नागरिकच हवा. बाकीच्या बऱ्याच सेवांना नेपाळ-भूतानचे प्रजाजन चालतात, १ जानेवारी १९६२ पूर्वी कायमचे राहायला आलेले तिबेटी निर्वासित चालतात, श्रीलंका, केनिया, युगांडा अशा देशांतून परत आलेले भारतीय वंशाचे लोकही चालतात, फक्त त्यांना सरकारकडून पात्रतेचा दाखला आणावा लागतो. सांगलीच्या अभ्यासिकेत बसून तो परिच्छेद मी कितीदा तरी ओलांडला. तो आपल्यासाठी नव्हताच.

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये तसाच एक परिच्छेद समोर आला आणि या वेळी तो फक्त माझ्यासाठीच होता.

मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले. पाच वर्षांनी आम्हाला कायम राहण्याची परवानगी मिळाली. नवऱ्याने पुढे ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मी घेतला नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शेताला लागून चुलत्यांचा तुकडा आहे, तो कधीतरी आपण घ्यावा हे अण्णांच्या मनात आहे आणि माझ्याही. म्हणून माझा निळा पासपोर्ट तसाच राहिला.

त्यामुळे इथली सरकारी नोकरी आपल्याला बंदच, असं मी धरून चालले होते. शाळेच्या ऑफिसात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका घानाच्या बाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की तसं नाही. त्या स्वतः घानाच्या पासपोर्टवर आठ वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात होत्या. मी घरी येऊन नियम काढून वाचले. ब्रिटनच्या सिव्हिल सर्व्हिसमधल्या पदांचे दोन प्रकार आहेत. काही पदं राखीव, म्हणजे फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी. गुप्तचर, संरक्षण, परराष्ट्र खातं यांसारख्या कामांतली ही पदं असतात. बाकीची पदं ब्रिटिश नागरिकांबरोबर आयर्लंडचे नागरिक, राष्ट्रकुल देशांचे नागरिक आणि ठरावीक दर्जा असलेले युरोपीय नागरिक यांनाही खुली आहेत. इथे काम करण्याचा हक्क मात्र हवा.

राष्ट्रकुल हा शब्द मी शाळेनंतर फक्त खेळांच्या बातम्यांत ऐकला होता. त्याचा आपल्या पोटापाण्याशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. १९१९ च्या एका कायद्याने इथे परकीयांना सिव्हिल सर्व्हिसमध्ये नेमायला बंदी घातली, ती पुढे १९५५ च्या कायद्याने थोडी सैल झाली. पण ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १९८१ प्रमाणे राष्ट्रकुल देशाचा नागरिक हा कायद्याच्या भाषेत परकीय धरलाच जात नाही. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात देशांची यादी आहे. गयाना आणि जमैका यांच्या मधोमध भारत. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला नेहरूंनी प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहायचं ठरवलं, त्याच्यावर तेव्हा घरी टीकाही झाली. त्या निर्णयाचा एक धागा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लीड्समधल्या एका सांगलीच्या बाईपर्यंत पोचतो, हे मला त्या रात्री फार मोठं वाटलं. इथल्या निवडणुकीत मी मतदान करते, तेही याच धाग्यावर.

अर्ज केला तो एक्झिक्युटिव्ह ऑफिसरच्या पदासाठी. खात्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. जाहिरातीत पद राखीव असल्याचा उल्लेख कुठेही नव्हता, ते मी आधी बघून घेतलं. अर्जाचं स्वरूप आपल्या परीक्षांपेक्षा फार वेगळं आहे. सामान्यज्ञान नाही, पाठांतर नाही. ‘तुम्ही एखादी अडचण कशी सोडवली’ अशा प्रश्नांना प्रत्येकी २५० शब्दांत आपल्या आयुष्यातलं उदाहरण द्यायचं. तपासणाऱ्यांना तुमचं नाव दिसत नाही. मी सांगलीत पतसंस्थेत चार वर्षं काउंटरवर होते, तेव्हाचं उदाहरण लिहिलं. मुदत ठेवीची पावती हरवलेल्या एका आजींना पैसे कसे मिळवून दिले, त्याचं.

माझा पहिला मसुदा घानाच्या बाईंनी वाचला आणि पेन्सिलीने सात ठिकाणी गोल केले. प्रत्येक गोलात ‘आम्ही’ होतं. आम्ही शाखाधिकाऱ्यांना भेटलो, आम्ही रजिस्टर तपासलं. त्यांनी विचारलं, रजिस्टर कुणी उघडलं? मी म्हटलं, मीच. मग तसं लिही, म्हणाल्या. आपल्याकडे ‘मी केलं, मी केलं’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक नीट बघत नाहीत, त्यामुळे ते सात ‘आम्ही’ खोडताना मला खरोखर अवघडल्यासारखं झालं. पण अर्ज करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला मी हे पहिलं सांगेन. इथे गुण १ ते ७ मध्ये देतात, उत्तीर्ण व्हायला ४ लागतात, आणि ‘आम्ही’ला गुण मिळत नाहीत.

मुलाखत व्हिडिओवर झाली. तीन आठवड्यांनी तात्पुरती ऑफर आली. मी अण्णांना फोन केला. अण्णा जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले. फोनवर काही क्षण काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, “सरकारी?” मी म्हटलं, “होय अण्णा, सरकारी.” “कायम?” “सहा महिने प्रोबेशन, मग कायम.” पलीकडून आईला सांगितलेलं मला ऐकू आलं.

बाराव्या दिवशी ईमेल आला. दोन ओळी. आपण राष्ट्रीयत्वाच्या निकषांत बसत नसल्याने ऑफर मागे घेण्यात येत आहे, पुढील प्रयत्नांसाठी शुभेच्छा.

मी शाळेच्या कॉपी मशीनपाशी उभी होते. मशीन चालूच होतं, पालकसभेची पत्रकं एकावर एक पडत होती, आणि मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत होते. माझी पात्रता, माझे गुण, माझा अनुभव, कशावरच बोट नव्हतं. ज्या रकान्याकडे आयुष्यभर बघितलं नाही त्यावर बोट होतं.

अण्णांना सांगावंच लागलं. त्यांचा सूर लगेच चढला. “मानवाधिकार आयोगाकडे अर्ज टाक. तिथं नाही होय आयोग?” अण्णांच्या डोक्यात आपला आयोग होता. १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा, त्याखाली दिल्लीचा राष्ट्रीय आयोग आणि मुंबईचा राज्य आयोग. साध्या कागदावर तक्रार करा, फी नाही, वकील नाही. घटनेला एक वर्ष उलटून गेलेलं नसावं, एवढं बघायचं. चौकशीत आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, साक्षीदाराला समन्स काढता येतं, कागदपत्रं मागवता येतात. शेवटी मात्र शिफारस करायची, हुकूम नाही. आणि नोकरीविषयक तक्रारी राष्ट्रीय आयोगाच्या नियमावलीप्रमाणे सहसा दाखलच करून घेत नाहीत. हे मी अण्णांना त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांना काहीतरी मार्ग आहे असं वाटत होतं, ते तसंच राहू दिलं.

इथला आयोग म्हणजे समता आणि मानवी हक्क आयोग. २००६ च्या कायद्याने झाला, ऑक्टोबर २००७ पासून काम करतो. त्याच्या अधिकारांचे दोन रस्ते आहेत आणि ते वेगळे ओळखणं फार गरजेचं आहे, कारण मी पहिले चार दिवस त्यातच घोटाळले. एक म्हणजे व्यापक चौकशी. एखाद्या विषयाची, एखाद्या क्षेत्राची. त्यात मानवी हक्कही येतात. दुसरा म्हणजे एखाद्या ठरावीक संस्थेचा तपास, पण तो समता कायदा मोडल्याचा संशय असेल तरच. निव्वळ मानवी हक्कांच्या भंगासाठी हा तपास नाही. दोन्हींत आयोग माहिती, कागदपत्रं, तोंडी पुरावा सक्तीने मागू शकतो. समता कायदा मोडल्याचं तपासात दिसलं तर तशी नोटीसही काढू शकतो. पण कशात हात घालायचा ते आयोगच ठरवतो. माझ्यासारख्या एकटीचा अर्ज आला म्हणून आयोग चौकशीला निघत नाही. उत्तर आयर्लंडला तर आयोगच वेगळा. तो १९९८ च्या शांतता करारातून आला, आणि पुरावा सक्तीने मागण्याचा अधिकार मिळायला त्याला २००७ पर्यंत थांबावं लागलं.

त्या आठवड्यात मी आयोगाचा नोव्हेंबर २०२० चा अहवालही वाचून काढला. गृह खात्याने ‘प्रतिकूल वातावरणा’ची, म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांना इथे जगणं अवघड करण्याची, धोरणं राबवताना समतेचं कर्तव्य पाळलं नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. विंडरश पिढीबद्दलचा. १९४८ पासून कॅरिबियन बेटांवरून इथे आलेली, राष्ट्रकुलाचीच माणसं. उभी हयात इथे बस चालवल्या, इस्पितळांत काम केलं, आणि म्हातारपणी त्यांना विचारलं, कागद कुठे आहे? कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढलं. माझं दुःख त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. पण कागद असूनही तो कुणी वाचत नाही तेव्हा छातीत काय होतं, ते मला त्या दोन ओळींनी समजलं होतं.

आयोग स्वतः एकेकट्याची तक्रार घेत नसला तरी सरकारी खर्चाने चालणारी एक समता सल्ला हेल्पलाइन आहे. तिथल्या बाईंनी चाळीस मिनिटं दिली. वकिलाची फी देऊनही इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नसतं. समता कायदा २०१० मध्ये ‘वंश’ या शब्दात राष्ट्रीयत्वही येतं. म्हणजे राष्ट्रीयत्वावरून नोकरी नाकारणं हा भेदभाव. पण सरकारी नोकऱ्यांसाठी त्याच कायद्यात एक अपवाद आहे. राष्ट्रीयत्वाचे नियम लावून नाकारलं तर तो भेदभाव धरत नाहीत. आता मुद्दा असा, त्या म्हणाल्या, की ते नियम तुम्हाला पात्र ठरवत असतील, तर त्या अपवादाची ढाल खात्याला वापरता येणार नाही. मी ते वाक्य लिहून घेतलं. शिवाय त्यांनी तारीख मोजायला लावली. नोकरीविषयक दावे ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे जायचं झालं तर तेव्हा तीन महिन्यांत एक दिवस कमी एवढीच मुदत होती, आणि त्याआधी एकास या सरकारी समेट संस्थेची पायरी. आणि भरती गुणवत्तेवर, न्याय्य आणि खुल्या स्पर्धेने झाली नाही अशी तक्रार सिव्हिल सर्व्हिस कमिशनकडे करता येते, पण आधी खात्याकडेच लेखी तक्रार करून त्यांचं उत्तर घ्यावं लागतं.

मग मी पत्र लिहिलं. अण्णांनी मला लहानपणी अर्ज लिहायला शिकवलं होतं: आधी विषय, मग संदर्भ, मग मागणी, आणि राग घरी ठेवायचा. तसंच लिहिलं. जाहिरातीचा क्रमांक. पद राखीव असल्याचा उल्लेख नाही, हे. राष्ट्रीयत्वाच्या नियमांतलं राष्ट्रकुलाचं वाक्य जसंच्या तसं. १९८१ च्या कायद्याचं तिसरं परिशिष्ट, त्यात भारत. माझा कामाचा हक्क ऑनलाइन तपासता यावा म्हणून डब्ल्यूने सुरू होणारा नऊ अक्षरांचा शेअर कोड. आणि शेवटी एकच प्रश्न: मी कोणत्या कलमाखाली अपात्र ठरते ते कृपया लेखी कळवावे. एक पान भरलं नाही.

अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी फोन आला. एका वरिष्ठ बाईंचा. चूक झाली, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. कायम राहण्याची परवानगी हा शब्द तपासणाऱ्याने युरोपीय नागरिकांच्या योजनेतला दर्जा समजून घेतला, युरोपीय देशांच्या यादीत भारत शोधला, सापडला नाही, आणि अपात्र लिहून टाकलं. राष्ट्रकुलाची यादी उघडलीच नव्हती. ऑफर पुन्हा चालू केली. मी विचारलं, माझ्याआधी किती जणांना असे दोन ओळींचे ईमेल गेले? त्या म्हणाल्या, बघते. मी म्हटलं, लेखी कळवाल का?

पुढचं सगळं कागदांचं होतं. ओळख, कामाचा हक्क, तीन वर्षांचा नोकरीचा इतिहास, गुन्ह्यांची नोंद. आईच्या आजारपणात मी सात महिने सांगलीला होते, तेवढ्या काळासाठी भारतातून पोलीस क्लिअरन्स आणायला सांगितलं. ते भारतीय वकिलातीमार्फत मिळतं आणि वेळ खातं. तुम्ही गेल्या तीन वर्षांत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला असाल, तर मुलाखत झाली की लगेच त्या तयारीला लागा, ऑफरची वाट बघू नका. वरच्या दर्जाची सुरक्षा तपासणी लागणाऱ्या पदांना इथे सलग तीन किंवा पाच वर्षांचं वास्तव्य बघतात, तेही जाहिरातीतच बघून घ्या. डिपेंडंट व्हिसावर असलात तरी काम करण्याचा हक्क असेल तर नियमाने अर्ज करता येतो. व्हिसा मात्र खातं काढून देईल, असं धरू नका. बहुतेक जाहिरातींत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या प्रश्नाचं लेखी उत्तर आलं. त्या भरतीत आणखी दोघांना तसाच ईमेल गेला होता. एक नायजेरियाचे, एक श्रीलंकेचे. दोघांच्याही ऑफर पुन्हा पाठवल्या होत्या, आणि तपासणाऱ्यांच्या कागदाला आता राष्ट्रकुलाची यादी जोडली होती. मी ते पत्र अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि फोनवर मराठीत वाचून दाखवलं. अण्णांनी त्या दोघांच्या ओळी पुन्हा एकदा वाचायला सांगितल्या.