तुम्ही विचारलंत म्हणून : खिशातला चाकू

‘रोज खिशात बाळगायला घडीचा चाकू हवाय. स्वस्त हवा आणि टिकायलाही हवा. कोणता घेऊ?’ हे मला इतके जण विचारतात की एकदाच नीट लिहून टाकतो.

विचारणाऱ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : पोलाद कोणतं? तो नंतरचा. पार्सल फोडायला, दोरी कापायला, फळ चिरायला कुठल्याही बऱ्या कंपनीचं साधं स्टेनलेस पुरतं. स्वस्त चाकू आधी निकामी होतो तो सांध्यात. पातं मुठीला जिथे जोडलेलं असतं तिथला खिळा ढिला पडतो, पातं डुलायला लागतं आणि मिटताना मुठीच्या कडेला घासतं.

म्हणून चाकू हातात आला की आधी उघडा, पातं पाठीकडून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. डुललं तर परत द्या. सांध्याला स्क्रू असेल तर निदान पुढेमागे आवळता तरी येतो. मग लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी अडकण, बघा. लायनर लॉकमध्ये पातं उघडलं की मुठीतली पत्र्याची पट्टी सरकून त्याच्या बुडाला टेकते. ती जेमतेम काठावर टेकत असेल तर भरवसा नाही. आणि नव्या चाकूतच पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल, तर झिजेल तसं सरकायला तिला जागाच उरलेली नाही.

जाड पात्याचा मोह टाळा. दिसायला दणकट, पण पुठ्ठ्यात अडकतं आणि सफरचंद कापण्याऐवजी फोडतं. चाकूने डबे उचकटायचे नसतील (नसावेतच) तर दोन-अडीच मिलिमीटर भरपूर झाले.

माझ्या पसंतीचे दोनच. पहिला ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा, 8 नंबरचा : साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, लाकडी मूठ आणि पातं अडकवणारी फिरती कडी. ही कडी 1955 पासून आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. कार्बन पोलादाचा घेतलात तर लिंबू कापल्यावर लगेच पुसावा लागतो, आळशी माणसाने स्टेनलेसचाच घ्यावा. मूठ भिजली की लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही, तेवढा त्रास धरून चाला.

दुसरा व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर भरणारा. त्याला स्क्रू नाहीत, सगळं रिव्हेटवर (ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांवर), पण जोडणी इतकी चोख की वरचा स्क्रूचा आग्रह इथे सोडतो. पोलाद फार कडक नाही, कडकपणाच्या रॉकवेल मापावर 56 च्या आसपास. धार लवकर जाते, पण साध्या दगडावर चार हात मारले की परत येते. महागड्या कडक पोलादाची धार टिकते खरी, पण एकदा गेली की घरच्या दगडाला दाद देत नाही. नवं घेताना हे कुणी सांगत नाही.

या व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याला लॉक नसतं, नुसती स्प्रिंग धरून ठेवते. त्यामुळे टोकाने भोसकायचं काम करू नका, पातं बोटांवर मिटेल. उलट काही ठिकाणी लॉक नसणंच सोयीचं : ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू खास कारण नसतानाही जवळ बाळगता येतो, लॉकवाला नाही. तुमच्याकडचा नियम पैसे देण्याआधी बघून घ्या. आणि विमानाने जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका.